डहाणूचें अंगण

डहाणूस लोक जातात ते समुद्रासाठीं, चिकूसाठीं, किंवा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या दर्शनासाठीं. आम्ही गेलों ते मोडलेला पाय घेऊन, मोटारीच्या मागल्या बाकावर आडवे पडून. आणि राहिलों मात्र जवळजवळ आठ महिने. तेव्हां या लेखांत प्रवास थोडा आणि मुक्कामच फार आढळेल, याबद्दल वाचकांनीं आधींच क्षमा करावी.

२०१८ सालच्या आषाढांत पुण्यास आमच्या इमारतीच्या ओल्या पायरीवरून आमचा तोल गेला आणि उजव्या मांडीचें हाड खुब्याच्या खालीं मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाडाच्या पोकळींत धातूची सळई बसविली गेली, आणि बाराव्या दिवशीं आम्हांस घरीं आणून सोडण्यांत आलें. घर तिसऱ्या मजल्यावर. यांत्रिक पाळणा तीन दिवस चालू तर चार दिवस बंद. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास. आणि आमची पत्नी जाऊन तेव्हां चार वर्षें झालेलीं. दिवसा एक मदतनीस येई, रात्रीं छताकडे पाहत पडणें एवढाच उद्योग. नारळी पौर्णिमेस धाकटी बहीण राखी बांधण्यास आली, तिनें एकदां खोलीकडे व एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि राखी बांधून झाल्यावर आमचे कपडे पिशवींत भरूं लागली. आम्हांस विचारलें नाहीं. वयानें धाकट्या बहिणी कांहीं प्रसंगीं फार मोठ्या होतात.

घोडबंदर, वसईची खाडी, मनोर असें करीत अहमदाबादचा महामार्ग चारोटी नाक्याशीं आला म्हणजे डहाणूचा रस्ता डावीकडे फुटतो. श्रावण संपत आलेला, दोहों बाजूंस भातशेतें, मधूनमधून साग आणि ताड. रस्त्यांतील प्रत्येक खड्डा आम्हीं मांडीच्या हाडानें मोजला, त्यामुळें निसर्गशोभेबद्दल अधिक कांहीं लिहिण्यास आम्ही पात्र नाहीं.

बहिणीचें घर आशागडाच्या रस्त्याला. जुनें, कौलारू, पुढें लांब ओसरी, चार पायऱ्या, मग शेणानें सारविलेलें मोठें अंगण, आणि त्यापलीकडे चिकूची वाडी. डहाणू म्हणून जें स्टेशन आपण ओळखतों त्याचें खरें नांव डहाणू रोड. मूळ गांव त्याच्या पश्चिमेस खाडीकडे आहे. चर्चगेटहून १२४ किलोमीटर. २०१३ सालच्या एप्रिलपासून मुंबईची लोकल येथवर येऊं लागली आणि पहांटेस डबा घेऊन निघणारा चाकरमान्यांचा एक नवा वर्ग गांवांत उत्पन्न झाला. तरी गांवाचें मन अजून वाडीवर आहे. चिकू हें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेचें. या किनाऱ्यावर तें रुजविण्यांत पारशी व इराणी बागायतदारांचा मोठा वांटा आहे. कालीपत्ती ही येथली मुख्य जात. १९९१ सालीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखानदारीवर बंधनें घातलीं, म्हणूनहि या वाड्या टिकल्या, असें आमचे मेहुणे सांगतात. त्यांचें दुसरें मत असें आहे कीं, चिकू खाणारास चिकूची किंमत कधींच कळत नाहीं.

घरांत माणसें अकरा. बहिणीच्या सासूबाई, वय शहाऐंशी; बहीण व मेहुणे; दोन भाचे, दोन भाचेसुना; आणि चार नातवंडें. थोरली भाचेसून शिक्षिका, धाकटी पतपेढींत. सकाळीं सहापासून नऊपर्यंत त्या घरांत जें चाले त्यास संसार न म्हणतां रेल्वेचें जंक्शन म्हणणें अधिक बरोबर. एकीचा डबा, दुसऱ्याची वही, सासूबाईंचें औषध, वाडींतील माणसांची मजुरी, दुधाचा हिशेब. आणि या सगळ्यांच्या वाटेंत, ओसरीवर, खाटेवर पडलेले आम्ही.

पहिला महिना आम्ही वाईट वागलों. हें लिहितांना लाज वाटते, पण न लिहिल्यास पुढचें सगळें खोटें होईल. जन्मभर ज्यानें वर्गांत घंटेप्रमाणें काम केलें व करवून घेतलें, त्यास भांड्यासाठीं हांक मारून वाट पाहावी लागणें ही शिक्षा आहे. पण ती शिक्षा आम्ही दुसऱ्यांना देऊं लागलों. चहा निवाला, उशी सरकली, पोरें ओरडतात. समाचारास येणारे लोक धीर देण्यासाठीं मोठीं उदाहरणें सांगत. त्याच वर्षीं पद्मश्री जाहीर झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांचें नांव तर आठवड्यांतून दोनदां निघे. १९६५ च्या युद्धांत गोळ्यांनीं जायबंदी झालेला हा सैनिक पुढें पोहावयास लागला आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्यें त्यानें सुवर्णपदक मिळविलें, ही गोष्ट थोरच आहे. परंतु रात्रीं दोन वाजतां कुशीवर वळतां येत नसतांना थोरांचीं चरित्रें उपयोगीं पडत नाहींत, उलट आपण किती लहान आहों एवढेंच कळतें. दुःखितास उदाहरण देण्यापूर्वीं त्याची उशी नीट करावी, असें आमचें आतां मत झालें आहे.

एके सकाळीं आम्हीं चहावरून बहिणीला टाकून बोललों. ती ओल्या हातांनीं तशीच उभी राहिली. म्हणाली, "दादा, मला दोनच हात आहेत. तुझा तर पाय मोडला आहे." आणि आंत गेली.

तुझा तर पाय मोडला आहे! वाक्याचा अर्थ लागण्यास आम्हांस, व्याकरण शिकविण्यांत हयात घालविलेल्या माणसास, दुपारपर्यंतचा वेळ लागला. पाय मोडला होता. हात शाबूत होते. दुपारीं आम्हीं थोरल्या भाचेसुनेकडून भिजवून मोड आणलेले वाल मागून घेतले आणि सोलावयास बसलों. वाल सोलणें हें सोपें काम नव्हे. पहिल्या दिवशीं निम्म्या डाळिंब्या चुरडल्या. पण त्या दिवशीं रात्रीं आम्हीं कोणास हांक मारली नाहीं. पुढें भाजी निवडणें, तांदूळ पाखडून झाल्यावर त्यांतले खडे वेंचणें, वाडीच्या मजुरीची वही लिहिणें, हीं कामें ओसरीकडे आपोआप येऊं लागलीं. डिसेंबरांत चिकूचा हंगाम भरांत आला तेव्हां आमच्या खाटेपुढें टोपल्या ओतल्या जात आणि लहान, मध्यम, मोठे असे फळांचे वांटे आम्ही करीत असूं. मेहुण्यांना आमची निवड पसंत नसे; ते मागून गुपचूप पुन्हां निवडीत. तें आम्हांस ठाऊक होतें, पण दोघेंहि बोललों नाहीं.

आठवड्यांतून दोनदां व्यायाम शिकविण्यास एक बाई येत, वयानें आमच्या विद्यार्थिनींच्याहि विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांच्याकडून आम्ही बाराखडीपासून चालावयास शिकलों. काठी दुखऱ्या बाजूस नव्हे, तर चांगल्या बाजूच्या हातीं धरावयाची, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार वांटला जातो. पायरी चढतांना चांगला पाय पुढें, उतरतांना दुखरा पुढें. आम्हांस हें उलटें वाटे व वारंवार चुके. मग धाकट्या नातीनें, जी तेव्हां सहा वर्षांची होती, "चांगला वर, वाईट खालीं" असें घोषवाक्य करून दिलें आणि आम्ही पायरीशीं आलों कीं ती तें घरभर ऐकूं जाईल असें म्हणे.

मांडीचे स्नायु पडून पडून इतके झडतात कीं दोन मांड्या दोन माणसांच्या वाटाव्या. त्यांना बळ आणण्यासाठीं घोट्यास वजन बांधून पाय उचलावयाचा होता. वाळूच्या पिशवीऐवजीं घरांत चिकू होते. फडक्यांत बांधलेले प्रथम पाव किलो, मग अर्धा, मग एक. हें करतांना आम्हांस सुश्रुताची आठवण झाली. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत भग्नचिकित्सा सांगतांना तो हाताच्या रोग्यास प्रथम मातीचा गोळा धरावयास सांगतो, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. इतक्या शतकांपूर्वीं हा क्रम त्यास सुचला! त्याच अध्यायांत पायाच्या रोग्यास फळीवर निजवून खुंट्यांनीं पाय जखडण्याचा, म्हणजे कपाटशयनाचा, उपाय आहे. आणि हाड सांधण्यास लहान वयांत एक महिना, मध्यम वयांत त्याच्या दुप्पट, उतारवयांत तिप्पट काळ लागतो असाहि हिशेब आहे. आमच्या शल्यविशारदांनीं तीन महिनेच सांगितले होते. हें कळल्यावर आम्हांस फार बरें वाटलें. तें कां, हें सांगतां येणार नाहीं. तथापि तोच आधार काढून एक गृहस्थ हाड बसविणाऱ्या माणसाचें तेल चोळून घेण्याचा आग्रह करूं लागले, तेव्हां आम्हीं त्यांस निक्षून नाहीं म्हटलें. आंत सळई असलेल्या हाडाविषयीं सुश्रुतानें कांहींच लिहिलेलें नाहीं.

संध्याकाळीं ओसरीवर मुलें जमूं लागलीं. घरचीं चार तर होतींच; वाडीवर कामास येणाऱ्या वारली कुटुंबांतलींहि पांच-सहा येऊन खांबाला टेकून उभीं राहत. त्यांस बसा म्हटलें तर पळत. आम्हांस पळून त्यांस धरतां येत नव्हतें, हें त्यांच्या ध्यानांत आल्यावर तीं बसूं लागलीं. या मुलखांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम मांडलें व पुढें १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, या विचारानें त्यांनीं पाड्यावर अंगणांत बालवाड्या भरविल्या, गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं माळावर कुरणशाळा काढली. चाळीस वर्षें खडू धरून आम्ही त्यांच्या कार्याविषयीं विद्यार्थ्यांस सांगत होतों. पण त्यांतली मेख खाटेवर पडल्यावर कळली. येथें तर शाळा हालूंच शकत नव्हती, आणि मुलें आपण होऊन येत होतीं. आम्ही त्यांस अंक व अक्षरें देत असूं, तीं आम्हांस वारलींतले शब्द देत. आमचे उच्चार ऐकून तीं जितकीं हंसत तितका आमच्या अध्यापनाच्या काळांत एकहि वर्ग हंसला नव्हता.

एक दिवस त्यांतल्या एका मुलीनें ओसरीच्या गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें आमचें चित्र काढलें. वारली चित्रांत माणूस म्हणजे टोंकाला टोंक लावलेले दोन त्रिकोण. ही कला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच तालुक्यांतील गंजाडचे, आणि त्यांचें निधन त्याच २०१८ सालीं मे महिन्यांत झालें होतें. मुलीनें दोन त्रिकोण काढले, डोकें काढलें, आणि खालीं सहा पाय काढले. वॉकरचे चार व आमचे दोन. सासूबाईंनीं तें पाहून निर्णय दिला, "मास्तर, पोर खरें बोलली. यांतले दोनच तेवढे तुमचे कामाचे नाहींत."

दिवाळी आटोपली आणि ११ नोव्हेंबरपासून जमीन हालूं लागली. धुंदलवाडी व तलासरीकडे धक्के अधिक बसत. आमच्याकडे भांडीं वाजत, कौलांतून माती गळे, आणि एखादवेळीं ढगासारखा आवाज जमिनीतून येई. हे भूकंप झुंडीनें होणारे, असें शास्त्रज्ञांनीं सांगितलें. एक मोठा व मग विरत जाणारे लहान असा त्यांचा क्रम नसतो. म्हणजे झाला तो शेवटचा असें कधींच म्हणतां येत नाहीं. पहिल्या रात्रीं सगळें घर अंगणांत धावलें. दोन भाचे आम्हांस खाटेसकट उचलूं लागले, त्यांत पायास हिसका बसला व आम्ही ओरडलों, तों बहीण सासूबाईंना पाठुंगळीं घेऊन पायरीवर अडखळली. कोणास इजा झाली नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नव्हतें. घरांत न धावणारीं माणसें दोन, आणि त्यांच्यापायीं धावणारीं चार अडकतात, हा हिशेब प्रत्येकाच्या मनांत होता. आमच्या तर त्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. आम्हीं चिरंजीवास दूरध्वनि करून बंगळुरास नेण्याविषयीं बोलणेंहि काढलें.

तो पेंच सासूबाईंनीं सोडविला. रात्रीं जेवणें झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला आणि मास्तरांना धावतां येत नाहीं. तर आम्ही दोघें आधींच बाहेर निजतों. मग तुम्हांला काय धावायचें तें धावा." भाच्यांनीं अंगणांत चार वांसे रोवून वर ताडपत्री घातली, दोन खाटा टाकल्या, मच्छरदाण्या लावल्या, आणि मार्गशीर्ष, पौष असे दोन महिने आम्ही दोघें अंगणवासी झालों. थंडी बरीच पडे. सासूबाईंना झोंप कमी, त्या मध्यरात्रीं १९४५ च्या वारल्यांच्या उठावाच्या वेळचें आपल्या सासऱ्यांकडून ऐकलेलें सांगत, वेठीविरुद्ध उठलेल्या माणसांचे रात्रींचे आवाज, घरोघर लागलेल्या कड्या, आणि मग मध्येंच, "तुमच्या पायाला कळ लागली कां?" असें विचारीत. लागली असेल तर आम्ही हो म्हणत असूं. घरांतल्या कोणापुढें इतकें सरळ हो म्हणणें आम्हांस तोंवर जमलें नव्हतें. हळूहळू आंतलीं पोरें एकेक करून आपलीं अंथरुणें घेऊन बाहेर येऊं लागलीं, आणि जानेवारीच्या अखेरीस भाच्यांच्या ताडपत्रीस आणखी सहा वांसे लागले.

तलासरी-डहाणूकडील कित्येक पाड्यांवर त्या हिंवाळ्यांत लोक असेच बाहेर निजत होते. सरकारनें तंबू दिले होते. आमच्या अंगणांत मच्छरदाणी व दुलई होती, हा फरक विसरून चालणार नाहीं.

१ फेब्रुवारी २०१९. सकाळपासून धक्के बसत होते. दुपारीं दोनच्या सुमारास, धाकटी नात ओसरीवर आमच्याजवळ पाढे म्हणत असतां, सर्वांत मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता ४.१ होती असें मागून कळलें. तुळया करकरल्या, दहा-वीस कौलें खालीं आलीं. पुढचें आम्हांस क्रमानें आठवत नाहीं. आठवतें तें एवढेंच कीं आम्ही अंगणांत तुळशीवृंदावनाशीं उभे आहों, मुलीचा हात आमच्या हातांत आहे, आणि ती रडत रडत म्हणते आहे, "वाईट खालीं, वाईट खालीं." काठी ओसरीवरच राहिली होती. चार पायऱ्या आम्ही काठीवांचून उतरलों होतों, आणि तेहि बरोबर पायानें.

घरांत त्या संध्याकाळीं आमचें जें कौतुक झालें तें आम्हांस गोड लागलें नाहीं असें नाहीं. पण दिवेलागणीस बातमी आली कीं एका पाड्यावर धांवपळींत पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली. मग पुन्हां तो विषय कोणी काढला नाहीं. त्या रात्रीं पाय ठणकूं लागला, तीन दिवस आम्ही उठलों नाहीं, आणि व्यायामाच्या बाईंनीं आमची चांगली कानउघाडणी केली. क्ष-किरण चित्रांत हाड सांधलेलें व सळई जागच्या जागीं दिसली तेव्हां त्यांचा राग उतरला.

मार्चमध्यें भाच्यानें आम्हांस कोसबाडला नेलें. टेकडीवर मोटार जाते. अलीकडेच उतरवून घेऊन उरलेला चढ आम्ही काठीनें चढलों. तेवढ्यास अर्धा तास लागला. वर वाऱ्याची झुळूक होती, खालीं वाड्यांचा हिरवा पट्टा, पलीकडे समुद्राची रेघ. अनुताई १९९२ सालीं गेल्या. ताराबाई त्यापूर्वीं १९७३ मध्यें. चिंचेखालीं मुलांचा घोळका गाणें म्हणत होता, त्यांतल्या एकानें आमच्या काठीकडे बोट दाखवून बाईंना कांहीं विचारलें. बाईंनीं काय उत्तर दिलें तें ऐकूं आलें नाहीं, पण मुलांचें समाधान झालेलें दिसलें.

चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्यास महालक्ष्मीची यात्रा भरते. देवी मूळची डोंगरावरची. एका भक्तिणीस चढवेना म्हणून ती पायथ्याशीं उतरून आली, असें भाविक सांगतात. आम्ही पायथ्याचें दर्शन घेतलें. डोंगराकडे नुसतें पाहिलें. देवीनें एकीसाठीं जी सोय केली तिचा लाभ घेण्यांत कमीपणा कसला?

एप्रिलच्या अखेरीस पुण्यास परत निघालों. सामान मोटारींत ठेवून झालें, बहिणीनें चिकूची करंडी वर ठेविली, पोरांनीं पाया पडून घेतलें. सासूबाई अंगणांतल्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनीं खुणेनें आम्हांस जवळ बोलाविलें. आम्हांस वाटलें, आशीर्वाद देणार. त्या वॉकरकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "मास्तर, हें तुमचें झालें असेल तर इथेंच ठेवून जा. माझा गुढघा हल्लीं ऐकत नाहीं. सुनेला अजून सांगितलेलें नाहीं."